ओला कचरा आणि काळी सैनिक माशी : पुण्यातील एका गृहसंकुलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पूर्वेकडील, हडपसरच्या पलीकडच्या पट्ट्यातल्या एका गृहसंकुलाचे आहे. संकुलाचे नाव, माणसांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी या कामात सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होते, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

संकुलात ३८० सदनिका असून रोजचा ओला कचरा साधारण २२० किलो भरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा निर्माण करणारी आस्थापना मोठी कचरानिर्माती ठरत असे आणि आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवणे हे तिचे कर्तव्य असे. या नियमाला धरून संकुलाने २०१८ मध्ये विजेवर चालणारे खतयंत्र बसवले होते. चोवीस तासांत खत, असे त्याचे वर्णन होते. प्रत्यक्षात यंत्र कचरा तापवून आणि ढवळून कोरडा करत असे. बाहेर पडणारी तपकिरी भुकटी कुंडीत घालून पाणी दिले की दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी धरे आणि वास सुटे, कारण ती कुजलेली नव्हती, केवळ वाळलेली होती. २०२२ च्या सुरुवातीला यंत्राचा गिअरबॉक्स मोडला. त्यानंतर ओला कचरा फाटकाजवळच्या पिंपांत साठू लागला आणि ठेकेदाराचा टेम्पो येईल तेव्हा उचलला जाऊ लागला.

हा परिसर उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील शहराच्या कचरा डेपोपासून फार लांब नाही. शहराचा कचरा आपल्या गावात का, म्हणून तेथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत, आणि त्यांचे म्हणणे या संकुलातल्या रहिवाशांना वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. वारा फिरला की तो वास त्यांच्याही गच्चीपर्यंत येत असे. आपल्या घरातल्या भाजीच्या देठांनी दुसऱ्याच्या दारात दुर्गंधी करावी हे बरोबर नाही, ही भावना कार्यकारिणीतल्या निदान तिघांच्या मनात पक्की होती, आणि पुढे जे घडले त्याचा उगम तिथे आहे.

नेमकी अडचण

अडचण वरवर पाहता यंत्र बंद पडण्याची होती. तपासल्यावर तिचे तीन पदर दिसले. पहिला म्हणजे वर्गीकरण कागदावर होते, डब्यात नव्हते. ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, चहाच्या पिशव्यांचे दोरे, सॉसची पाकिटे हमखास सापडत. दुसरा म्हणजे कचऱ्याचे स्वरूप ऋतूप्रमाणे बदलत होते. मे महिन्यात आंब्याच्या साली आणि कोयी, पावसाळ्यात पालेभाज्यांचा चिखल, गणेशोत्सवात निर्माल्य आणि उरलेला प्रसाद. तिसरा पदर सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले होते : या कामाची जबाबदारी कुणा एकाची नव्हती. यंत्र चालवणारा माणूस सुरक्षारक्षकांपैकी जो मोकळा असेल तो, अशी व्यवस्था होती.

विचारात घेतलेले पर्याय

ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्यकारिणीसमोर चार पर्याय मांडले गेले. यंत्र दुरुस्त करणे हा पहिला. दुरुस्तीचा खर्च, वीजबिल आणि हाती येणाऱ्या भुकटीची अवस्था पाहता तो लवकर बाजूला पडला. कचरा खासगी संस्थेकडे पाठवणे हा दुसरा. तो सोपा होता, पण वाहतुकीवर आणि टेम्पोवर अवलंबून राहणे त्याने संपत नव्हते.

तिसरा पर्याय विटांच्या जाळीदार खतखड्ड्यांचा. नारळाचा भुसा, वाळलेली पाने आणि जिवाणूंचे विरजण वापरून ४५ ते ६० दिवसांत चांगले खत होते, हे पुण्यातल्या अनेक सोसायट्यांनी दाखवून दिलेले आहे. मात्र २२० किलोंसाठी लागणारी जागा संकुलात एकसंध उपलब्ध नव्हती. वाहनतळामागची पट्टी तेवढी मोकळी होती.

चौथा पर्याय काळ्या सैनिक माशीचा, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायचा. तो सुचवला बागकाम गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने, आणि तो त्यांनी पुस्तकातून आणलेला नव्हता. त्यांच्या गच्चीवरच्या खताच्या डब्यात पावसाळ्यात करड्या, चपट्या, दणकट अळ्या आपोआप होत आणि त्या झाल्या की डब्यातला कचरा झपाट्याने बसे, हे त्यांनी तीन वर्षे पाहिले होते. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता आपल्याकडे सर्वत्र आढळते. तिची अळी ओला कचरा अधाशासारखी खाते, प्रौढ माशी मात्र अन्नाच्या मागे नसते. ती चावत नाही, ताटावर बसत नाही, थोडे पाणी पिऊन आठवडा-दीड आठवडा जगते, मिलन करते आणि अंडी घालून मरते. घरमाशीपासून तिचा वेगळेपणा इथे आहे, आणि रहिवाशांना हे पटवून देण्यात आमचा बराच वेळ गेला.

सर्वसाधारण सभेत दोन प्रकारचे आक्षेप आले. एक किळसेचा होता, तो अपेक्षित होता. दुसरा अधिक गंभीर होता. संकुलातील सुमारे ४० जैन आणि काही वारकरी कुटुंबांनी सांगितले की अळ्या वाढवायच्या आणि मग कोंबड्यांना घालायच्या, ही हिंसा आहे, आणि आमच्या घरातल्या कचऱ्यावर ती होऊ नये. बहुमताच्या जोरावर हा आक्षेप बाजूला सारता आला असता. सचिवांनी तसे केले नाही. ज्या कुटुंबांची हरकत आहे त्यांचा ओला कचरा वेगळ्या हिरव्या पट्टीच्या डब्यात घ्यायचा आणि त्यासाठी वाहनतळामागे चार छोटे खतखड्डे बांधायचे, असा निर्णय झाला. त्या वेळी मला हा निव्वळ खर्च वाढवणारा तोडगा वाटला होता, आणि तसे मी लेखी कळवलेही होते.

अळीचे गणित

निर्णय कसे झाले ते समजण्यासाठी या पद्धतीचे गणित थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक ठिकाणी प्रकल्प इथेच फसतात.

अंड्यातून साधारण चार दिवसांत अळी बाहेर येते. पहिले काही दिवस तिला कोंबडीखाद्य किंवा गव्हाचा ओलसर कोंडा देऊन वेगळे वाढवतात. पाच दिवसांची झाली की तिला कचऱ्यावर सोडतात. सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद अशा एका क्रेटमध्ये १० हजार अळ्या १२ दिवसांत साधारण १५ किलो कचरा संपवतात, हे जगभर वापरले जाणारे प्रमाण आम्ही धरले. पहिल्या टप्प्यात रोज १२० किलो कचऱ्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे रोज आठ क्रेट भरायचे, आणि बारा दिवसांच्या फेऱ्यात ९६ क्रेट एकाच वेळी चालू राहणार. मांडण्या चार थरांच्या केल्या तर सुमारे ४०० चौरस फुटांच्या शेडमध्ये हे बसते.

आता उलट बाजूने पाहू. रोज आठ क्रेट म्हणजे पाच दिवसांच्या ८० हजार अळ्या रोज तयार हव्यात. अंडी उबून पाच दिवस तगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के धरले तर रोज १ लाख १५ हजारांच्या आसपास अंडी लागतात. एका ग्रॅममध्ये साधारण ४० हजार अंडी मावतात, तेव्हा हे वजन जेमतेम तीन ग्रॅम भरते, चहाच्या चमच्यातही हरवून जाईल इतके. पण ते तीन ग्रॅम रोज लागतात. रविवारी, दिवाळीत, मुसळधार पावसात आणि थंडीतही. कचरा रोज येतो, म्हणून अळीही रोज जन्माला यावी लागते. यंत्र दोन दिवस बंद ठेवून पुन्हा चालू करता येते. जिवंत साखळीत एका दिवसाची अंडी चुकली तर तो दिवस भरून काढता येत नाही.

पहिला निर्णय : पैदास घरची की अंडी बाहेरची

हा या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय होता आणि तो माझ्या सल्ल्याने झाला. अंडी किंवा छोट्या अळ्या तयार पुरवणाऱ्या उत्पादकांकडून विकत घेऊन काम सुरू करणे शक्य होते. माझे म्हणणे असे पडले की पुरवठ्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहिलो तर टेम्पोवरचे अवलंबन गेले आणि अंड्यांवरचे आले, एवढेच होईल. म्हणून पहिल्या दिवसापासून पैदास आवारातच करायची ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरुवातीपुरती अंडी आणली आणि शेडशेजारी दोन मीटर उंचीचा जाळीचा पिंजरा उभा केला.

या माशीला मिलनासाठी भरपूर ऊन लागते, साध्या दिव्याच्या उजेडात ती जोडी जमवत नाही. म्हणून पिंजरा सकाळचे ऊन येईल अशा पूर्व बाजूला ठेवला. आत कुजट वासाचे एक भांडे आणि त्यावर एकमेकींवर बांधलेल्या लाकडी पट्ट्या. पट्ट्यांमधल्या एक-दोन मिलिमीटरच्या फटीत माशी अंडी घालते, कचऱ्यात घालत नाही. माशी दिसायला सडपातळ गांधीलमाशीसारखी असते, काळी, पायांची टोके पांढरी, आणि पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या. उन्हाकडे धरून पाहिले तर त्या खिडक्यांतून प्रकाश आरपार येतो. संकुलातली मुले शनिवारी सकाळी हे पाहायला येऊ लागली आणि किळसेचा आक्षेप हळूहळू त्यांच्याच घरांतून विरत गेला.

काम पाहण्यासाठी दोन महिलांची नेमणूक झाली. दोघी पूर्वी कचरा वेचण्याचे काम करत. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांच्या कामाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्यामुळेच, हे काम जाणणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे, मोकळ्या सुरक्षारक्षकाकडे नको, हा मुद्दा सभेत कुणाला पटवावा लागला नाही. त्यांच्यातल्या मोठ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही घातली. तारीख, पट्ट्यांवरून खरवडलेल्या अंड्यांचे वजन, भरलेले क्रेट, रिकामे केलेले क्रेट आणि शेवटच्या रकान्यात वास, एवढेच त्यात असे. वासाच्या रकान्यात तीनच शब्द येत : नाही, आंबट, उग्र.

पहिला पावसाळा

मार्च ते मे बरे गेले. उन्हाच्या कडाक्यात क्रेटच्या मधोमध तापमान चढत असे, कारण हजारो अळ्या एकत्र खाताना स्वतःही उष्णता निर्माण करतात. थर पातळ ठेवून आणि दुपारी शेडचे पडदे वर करून ते सांभाळता आले. मुंग्यांसाठी मांडण्यांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले, दुधाच्या पातेल्याखाली आपण पाण्याची ताटली ठेवतो तसे.

जूनच्या शेवटी पहिली तक्रार आली. शेडला उग्र वास येत होता आणि संध्याकाळी अळ्या क्रेटच्या काठावरून चढून जमिनीवर पडत होत्या. बागकाम गटाच्या शिक्षिकेचा आणि माझा अंदाज असा झाला की खाद्य कमी पडते आहे, म्हणून आम्ही क्रेटमध्ये कचरा वाढवला. वास वाढला. चौथ्या दिवशी ताईंनी मूठभर कचरा उचलून आमच्यासमोर दाबला. बोटांच्या फटींतून पाण्याची धार लागली.

त्या म्हणाल्या, “बाई, त्यांना भूक नाही. गुदमरतंय त्यांना. कोरडं घाला.”

त्यांचे निदान अचूक होते. अळीला ७० ते ८० टक्के ओलावा मानवतो, पण त्यापलीकडे गेले की तळाशी हवा राहत नाही, कचरा आंबतो आणि अळ्या पळ काढतात. पावसाळ्यातल्या पालेभाज्या, उरलेल्या आमट्या आणि हवेतला दमटपणा यांनी ती मर्यादा ओलांडली होती. त्या दिवसापासून दोन नियम झाले. येणारा कचरा प्रथम उतरत्या जाळीवर अर्धा तास निथळू द्यायचा, आणि मुठीत दाबल्यावर बोटे ओली व्हावीत पण थेंब पडू नये इतका होईपर्यंत त्यात गव्हाचा कोंडा किंवा लाकडाचा भुसा मिसळायचा. आठवडाभरात वहीच्या शेवटच्या रकान्यात पुन्हा “नाही” दिसू लागले. नीट चाललेल्या क्रेटवर कान नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते, चुरमुऱ्यांवर ओली चटणी पडल्यावर होते तशी. ताई वास घेण्याआधी आवाज ऐकतात. ती सवय नंतर आम्हीही लावून घेतली.

धूरफवारणी आणि तिचे पडसाद

ऑगस्ट २०२३ मध्ये परिसरात डेंग्यूचे रुग्ण आढळल्याने संकुलाच्या नेहमीच्या कीटकनियंत्रण ठेकेदाराने रात्री आवारात धूरफवारणी केली. फवारणीची सूचना इमारतींच्या सूचनाफलकांवर लागली होती. शेडवर काम करणाऱ्या दोघींना ती कुणी सांगितली नाही, आणि पिंजरा झाकावा लागेल हे सूचना काढणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. सकाळी सात वाजता ताईंनी पिंजरा उघडला तेव्हा तळावर काळ्या माश्यांचा थर होता. त्यांनी एक एक उचलून पाहिली. काहींचे पाय अजून हलत होते.

क्रेटमधल्या अळ्या वाचल्या, कारण शेडचे पडदे खाली होते. कोषही अंधाऱ्या बंद डब्यांत असल्यामुळे वाचले. म्हणून पहिल्या दोन दिवसांत आम्हाला नुकसान मर्यादित वाटले : आठवड्याभरात कोषांतून नव्या माश्या निघतील आणि घडी बसेल. तसे झाले नाही, आणि का झाले नाही हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

फवारणीनंतर अकरा दिवस अंडी जवळजवळ मिळाली नाहीत. नऊ-दहा दिवसांनी क्रेटवर सोडायला अळ्या नव्हत्या, हा पहिला खड्डा. तो भरला असे वाटले, पण ज्या दिवशीच्या अळ्या झाल्याच नाहीत त्या दिवशीचे कोषही झाले नाहीत, आणि कोष नाहीत म्हणजे माश्या नाहीत. अंड्यापासून अंडे घालणाऱ्या माशीपर्यंतचा प्रवास साधारण ४० ते ४५ दिवसांचा आहे. बरोबर तेवढ्या अंतराने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तोच खड्डा पुन्हा समोर आला. थोडा उथळ, पण तोच. वहीत अंड्यांच्या वजनाचा रकाना पाहिला तर ही लाट डोळ्यांनी दिसते.

कोषांचा पुरेसा राखीव साठा असता तर हा खड्डा दुसऱ्यांदा आला नसता. साठा नव्हता, कारण जुलैमध्ये अळ्यांना मागणी आल्यावर आम्ही तयार झालेल्या जवळजवळ सगळ्या अळ्या कोंबड्यांसाठी दिल्या होत्या. खरे तर पैदाशीसाठी शंभरांतल्या दोन-तीन अळ्या राखल्या तरी पुरते. ही संख्या इतकी लहान आहे की तिचा हिशेब ठेवण्याची गरजच आम्हाला वाटली नव्हती.

याच काळात गणेशोत्सव आला. कचरा वाढला आणि अळ्या घटल्या. तेव्हा काम कशाने निभावले, तर आक्षेप घेतलेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या चार खतखड्ड्यांनी. ते खड्डे नसते तर सप्टेंबरमध्ये पिंपे पुन्हा फाटकावर आली असती आणि प्रकल्प तिथेच संपला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात त्या कुटुंबांना विचारल्याशिवाय त्यांच्या खड्ड्यांत इतरांचा मांसाहारी कचरा टाकणे योग्य नव्हते. सचिव स्वतः घरोघर गेले, निर्माल्य आणि शाकाहारी कचराच तिथे टाकला जाईल असे त्यांनी सांगितले, आणि ते पाळले गेले.

हिवाळा आणि दुसरा निर्णय

डिसेंबरमध्ये पुण्याचा पारा रात्री दहा अंशांपर्यंत आणि कधी त्याखाली उतरतो. माशीला आणि अळीला पंचवीस ते तीस अंश मानवतात. बारा दिवसांचा फेरा अठरा-वीस दिवसांवर गेला, क्रेट अडकून राहिले, कोषांतून माश्या उशिरा निघू लागल्या आणि निघाल्या तरी कोवळ्या उन्हात मिलन कमी. रोजचा कचरा १२० किलोंऐवजी जेमतेम ७० किलो जिरत होता.

जानेवारी २०२४ च्या बैठकीत तीन मते पुढे आली. प्रकल्प बंद करून सगळे खतखड्ड्यांवर न्यावे, हे पहिले. शेड बंदिस्त करून हीटर लावावेत, हे दुसरे. ज्या पद्धतीचा हेतू पर्यावरणरक्षण आहे तिला उबेसाठी वीज जाळणे हा उलटा व्यवहार झाला असता, म्हणून मी त्याला विरोध केला. तिसरे मत ताईंचे होते आणि ते वहीवर आधारलेले होते : थंडीचे दोन महिने कमी कचरा घ्यायचा हे आधीच ठरवून टाकावे, त्या काळापुरत्या छोट्या अळ्या बाहेरून आणाव्यात, आणि आपली पैदास फक्त जिवंत ठेवण्यापुरती चालवावी. कार्यकारिणीने हे मत स्वीकारले. कोषांचे डबे वाहनतळाच्या पंपखोलीत हलवले, कारण पंपाच्या उबेने ती खोली रात्रीही गरम असते. हा उपायही ताईंनीच शोधला होता, मांजरे थंडीत तिथे झोपतात हे पाहून.

अळ्यांचे आणि खताचे काय झाले

वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे कोंबडीखाद्यासाठी आणि मत्स्यखाद्यासाठी तिला किंमत आहे. मोठ्या खाद्य-उत्पादकांना विकण्याचा विचार झाला होता. तो सोडून दिला, कारण स्वयंपाकघरातल्या मिश्र कचऱ्यावर वाढलेली अळी खाद्यसाखळीत कुठवर जाऊ द्यावी हा प्रश्न साधा नाही. युरोपीय संघाने कीटकप्रथिने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात चालतील असे ठरवले, पण त्या कीटकांना खानावळीतला किंवा स्वयंपाकघरातला उरलासुरला कचरा घालण्यास तिथे मनाई आहे. आपण आपल्यापुरती सावधगिरी ठेवावी असे ठरले. अळ्या उकळत्या पाण्यातून काढून, ओळखीच्या एका गावरान कोंबडीपालकाला, कशावर वाढल्या आहेत हे स्पष्ट सांगून दिल्या जातात.

खताच्या बाबतीत आम्ही घाई केली. अळ्या चाळून उरणारे काळसर, दाणेदार खत पहिल्या तुकडीतच रहिवाशांना वाटले. दहा दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी करपलेल्या पानांची तुळस खाली आणून शेडसमोर ठेवली. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “बघा हिला काय झालंय.” प्रयोगशाळेत तपासले तेव्हा क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात असलेल्या प्रति मीटर ४ डेसीसीमेन्सच्या मर्यादेच्या वर आली. आपल्या आमट्या-भाज्यांतले मीठ अळी काढून टाकत नाही. कचऱ्याचे वजन घटते आणि मीठ मात्र तेवढेच उरते. शिवाय बारा दिवसांचे ते खत पुरते मुरलेलेही नव्हते. आता ते सहा आठवडे मुरवून, खतखड्ड्यातल्या खतात एकास चार या प्रमाणात मिसळूनच दिले जाते. आजींना बागकाम गटाने नवे रोप दिले आणि त्या आता खत नेणाऱ्यांच्या यादीत आहेत.

निष्पत्ती

२०२४ च्या मध्यापर्यंत चित्र असे झाले होते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या पूर्वार्धात रोज ११० ते १२० किलो कचरा अळ्यांकडे आणि उरलेला खतखड्ड्यांकडे जातो. खड्डे चाराचे नऊ झाले, सलग जागा नसल्याने इमारतींमागच्या तुकड्यातुकड्यांत विखरून. फाटकावरची पिंपे गेली. ठेकेदाराचा टेम्पो फक्त कोयी, करवंट्या आणि हाडे नेण्यासाठी पंधरवड्यातून एकदा येतो. दुधाच्या पिशवीचे कोपरे अजून सापडतात, पूर्वीपेक्षा कमी.

पैशांच्या हिशेबात हा उद्योग ठरला नाही. अळ्या आणि खत यांतून येणारी रक्कम दोन पगारांच्या निम्म्यालाही पुरत नाही. उरलेला खर्च देखभाल शुल्कातून होतो. हरित अर्थव्यवस्थेविषयी बोलताना “कचऱ्यातून कमाई” असे जे सहज म्हटले जाते, ते या प्रमाणावर खरे नाही, आणि तसे सांगून कुणाला या कामात ओढू नये. संकुलाला मिळते ते दुसऱ्या खात्यात मोजावे लागते : वाहतूक वाचली आणि जो कचरा डेपोवर हवेविना कुजून मिथेन सोडत राहिला असता तो तिथे गेला नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. हे मूल्य खरे आहे, फक्त ते सोसायटीच्या ताळेबंदात दिसत नाही.

काय वेगळे करता आले असते

पैदास पहिल्या दिवसापासून आवारात करण्याचा माझा सल्ला चुकीच्या वेळी दिलेला होता. पहिले सहा महिने छोट्या अळ्या विकत घेऊन आधी क्रेट, ओलावा आणि वर्गीकरण यांवर हात बसवायला हवा होता. पैदास हे वेगळे कौशल्य आहे, आणि दोन्ही एकदम शिकताना चूक कुठे होते आहे हे ओळखता येत नाही. जूनमध्ये आम्ही खाद्य वाढवले ते त्यामुळेच.

खतखड्डे आधी आणि शेड नंतर, असा क्रम असता तर सप्टेंबरची धावपळ टळली असती. जिवंत साखळी कधीतरी तुटणार हे गृहीत धरून तिच्याशेजारी न तुटणारे काहीतरी असावे लागते. ते इथे योगायोगाने होते, नियोजनाने नव्हते, आणि ज्या कुटुंबांच्या आक्षेपामुळे ते झाले त्यांचे आभार पुढच्या सभेत सचिवांनी जाहीरपणे मानले.

धूरफवारणीचे वेळापत्रक आता शेडच्या दारावरच लावलेले असते आणि ताईंची सही झाल्याशिवाय फवारणी होत नाही. पण सही मागण्याची वेळ नुकसानीनंतर आली. ज्यांच्या हातात काम आहे त्यांना सूचना मिळण्याची सोय पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. त्याचप्रमाणे ताईंचे वेतन सुरुवातीला सफाई कामाच्या दराने ठरवले गेले होते. ओलाव्याचे निदान, हिवाळ्याचा आराखडा आणि पंपखोली या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडून आल्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये ते देखरेखीच्या दराने झाले. हा बदल वर्षभर उशिरा झाला असे मला वाटते.

अलीकडे शेजारच्या एका संकुलाचे पदाधिकारी शेड पाहायला आले होते. त्यांना उन्हाळ्यातले भरलेले क्रेट पाहायचे होते. ताईंनी क्रेट दाखवले, एक पट्टी उघडून फटीतली अंडी दाखवली, आणि मग वही काढून ऑगस्ट ते जानेवारीची पाने त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी त्या पानांची छायाचित्रे घेतली. सध्या ते खतखड्डे बांधत आहेत. माशीचा निर्णय पुढच्या हिवाळ्यानंतर घेऊ, असे त्यांनी कळवले आहे.